समुद्रतळाची पैसेवारी

हिरण्यकेशी उगवते आंबोलीला. हवा स्वच्छ असेल तर तिथल्या कड्यावरून अरबी समुद्राची रेघ दिसते, इतका समुद्र जवळ. पण नदी त्याच्याकडं पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि आमच्या भडगाव पुलाखालून गेलेलं पाणी शेवटी आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात पडतं. पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रावरून, आणि गाळ जातो पूर्वेच्या समुद्राला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गडहिंग्लजपर्यंत येईतो तो हजाराच्या आतबाहेर उरतो, आणि तालुक्याच्या पूर्वेला हलकर्णीकडं त्याहून कमी. एवढ्याशा अंतरात मोसमी पावसाची अशी चढउतार असलेल्या गावात राहिलं की पाऊस हा गप्पांचा विषय राहत नाही, तो हिशेबाचा विषय होतो.

आणि माझा तर तो नोकरीचाच विषय होता. मी महसूल खात्यात कारकून. पावसाळ्यात सकाळी साडेआठचा आकडा मंडलाकडून घ्यायचा, बेरीज करायची, वर कळवायची. पूर आला की पुलाची चिंता, पाऊस ओढला की पैसेवारीची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: पैसेवारी म्हणजे हंगाम कसा गेला याचा सरकारी अंदाज. त्यात पाऊस मोजत नाहीत, पीक बघतात. शेतात चौकोन आखून कापणी करायची, उतारा काढायचा, आणि चांगल्या वर्षाच्या मानानं किती पैसे पीक आलं ते ठरवायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की दुष्काळाची भाषा सुरू होते. म्हणजे पाऊस निघून गेलेला असतो, आपण त्यानं मागं ठेवलेल्या खुणेवरून त्याची पारख करतो.

माझी भाची गोव्यात सागरी भूविज्ञान शिकली. ती आजरा-आंबोली मार्गे घरी आली की तिच्याशी माझं वाजायचं, कारण ती वीस हजार वर्षांपूर्वीच्या पावसाबद्दल असं बोलायची जणू ते आकडे तिच्याच टेबलावरून गेलेत. एकदा तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी ठेवली.

"मामा, डोळा लावा. टेबलाला धक्का नको."

"वाळू आहे की ही."

"नीट बघा. शिंपले आहेत. एका पेशीच्या जीवाचे."

खरंच शिंपले होते. गोल गोल कोठ्या एकमेकींना चिकटलेल्या, भिंतीला बारीक भोकं, आकार मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. यांना फोरामिनिफेरा म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'फोरॅम' म्हणतात. काही समुद्राच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. आयुष्य थोड्या आठवड्यांचं किंवा महिन्यांचं. मेले की चुन्याचा शिंपला तळाशी जातो, त्यावर गाळ बसतो, त्यावर पुढच्या पिढीचे शिंपले. खोल अरबी समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर थर साचतो. किनाऱ्याजवळ, नदीच्या मुखापाशी, त्याच्या कितीतरी पट.

"म्हणजे ही तुमची पैसेवारी," मी म्हणालो. तिला शब्द माहीत नव्हता. समजावून सांगितल्यावर म्हणाली, "हो मामा, पण आमच्याकडं पीकही मेलेलं आणि शेतही पाण्याखाली."

हे पीक कापायचं कसं, ते आधी सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच वाटलं. जहाजावरून जड वजन लावलेली लोखंडी नळी दोरावर सोडतात. ती स्वतःच्या भारानं तळात रुतते आणि आतल्या प्लॅस्टिकच्या पाइपात चिखलाचा उभा दंडगोल अडकतो. याला कोअर म्हणतात. १९४०च्या दशकात स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनी नळीत दट्ट्या बसवला, त्यामुळं चिखल दबून न जाता कितीतरी लांब कोअर मिळू लागला. आपल्याकडं गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ला सुरू झाली, ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. पुढं 'गवेषणी' हे संशोधन जहाज आलं, १९८३ला 'सागर कन्या', आणि अलीकडं 'सिंधू साधना'. कोअर वर आला की तो उभा चिरतात. एक अर्धा जपून ठेवतात, दुसऱ्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. प्रत्येक काप ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, आणि मग अगदी बारीक कुंचल्यानं एकेका जातीचे शिंपले उचलून वेगळे करायचे. हे काम सहसा यंत्र करत नाही. पीएचडीची उमेदीची वर्षं या उचलण्यात जातात. आमच्या भाचीची मान त्यामुळंच दुखते असं माझ्या बहिणीचं ठाम मत आहे.

वय कसं कळतं? सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत कार्बन-१४वरून. त्याच्या मागं गेलं की दुसऱ्या खुणा लागतात. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा महास्फोट ही त्यातली एक. त्याच्या राखेचा थर बंगालच्या उपसागरात सापडतो आणि अरबी समुद्रातही. पुणे जिल्ह्यात बोरी गावाला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली, तिचं वय काय यावर मात्र आपल्या अभ्यासकांत बरीच वर्षं वाद चालला.

आता तापमान. १९४७च्या सुमाराला हॅरॉल्ड युरी यांनी दाखवलं की शिंपल्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ किती प्रमाणात बसणार हे पाणी किती गार-गरम आहे यावर ठरतं. १९५५ला सेझारे एमिलियानी यांनी हीच युक्ती समुद्राच्या कोअरवर लावली आणि हिमयुगांची चढउतार कागदावर आणली. पण पैसेवारीतला नेहमीचा घोटाळा इथंही आहे. पीक पन्नास पैशांच्या आत गेलं ते पावसानं की लोकरी माव्यानं? ऑक्सिजनचं प्रमाण तापमानानं बदलतं, तसं ते हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकल्यानंही बदलतं, आणि पावसानं किंवा नदीनं समुद्राचं पाणी गोडसर केलं तरीही बदलतं. एका आकड्यात तीन कारणं. त्यामुळं दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार म्हणजे मॅग्नेशियम. शिंपला चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा; पण पाणी जितकं गरम तितकं थोडं थोडं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या जागी शिरतं, अंशामागं साधारण नऊ टक्क्यांनी जास्त. म्हणून त्याच शिंपल्यातलं मॅग्नेशियम मोजून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं, जगभरच्या बर्फाचा वाटाही वजा करायचा, आणि उरतो तो खारेपणाचा हिशेब. खारेपणा कमी म्हणजे पाऊस आणि नद्यांचं पाणी जास्त. गोव्याच्या संस्थेतले राजीव सारस्वत, राजीव निगम, दिवाकर नायडू आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००५ला विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरातल्या कोअरवर हे केलं. उत्तर आलं: शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात तिथलं पृष्ठभागाचं पाणी आजच्यापेक्षा सुमारे २.१ अंशांनी गार होतं.

दोन अंश ऐकून मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडं एप्रिलात सकाळ-दुपारमध्ये पंधरा अंशांचा फरक पडतो. पण त्या दोन अंशांच्या जगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईपुढं किनारा शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकला होता. आज जिथं ट्रॉलर जाळी ओढतात तिथं जमीन होती. समुद्राच्या दोन अंशांची किंमत ही अशी असते.

आता पाऊस. इथं एक गोष्ट वर्तमानपत्री बातम्यांत नेहमी गाळली जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. मोसमी वारा आणि मोसमी पाऊस या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा जोरदार वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतो, वरचं पाणी बाजूला ढकलतो, आणि खालचं गार, खतानं भरलेलं पाणी वर येतं. त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा फोरॅम माजतो. चिखलात तो जितका जास्त, तितका वारा जोराचा असं मानतात. खरगपूरच्या आयआयटीचे अनिल गुप्ता यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ओमानसमोरच्या कोअरमध्ये हा फोरॅम मोजून २००३ला 'नेचर'मध्ये दाखवलं की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा आपला नैर्ऋत्य वारा मंदावला. आइसलंडकडचं बर्फ आणि आजऱ्याचं भात यांचा संबंध असतो, हे मला चावडीवर कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

पण वारा म्हणजे पाऊस नव्हे. मृगात वारा सुटून ढग पळून गेलेले आम्ही दर दोन-चार वर्षांनी बघतो. पावसाची नोंद हवी तर नद्या जिथं समुद्राला मिळतात तिथला चिखल बघायला हवा. म्हणूनच २०१५च्या सुमाराला 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे खोदाईचं जहाज आपल्या दोन्ही बाजूंना येऊन गेलं. बंगालच्या उपसागरात महानदीसमोर एक मोहीम झाली. तिथल्या कोअरवरून स्टीव्हन क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ला नऊ लाख वर्षांच्या पावसाचा आलेख मांडला: हवेतला कार्बन डायॉक्साइड वाढला, बर्फ घटलं आणि दक्षिण गोलार्धातून जास्त बाष्प आलं की पाऊस वाढलेला दिसतो. अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातली मोहीम एप्रिल-मे २०१५मधली. तिचे एक प्रमुख गोव्याच्या ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे, दुसरे पीटर क्लिफ्ट. पाण्याची खोली साडेतीन किलोमीटरवर, आणि त्याखाली आणखी अकराशे मीटर खोदाई. सिंधू नदीनं हिमालयातून आणून टाकलेला गाळ तिथं आहे. पावसाचा शोध घेताना त्यांच्या नळीला एका प्रचंड दरडीचाही थर लागला, सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी समुद्राखालून घसरलेल्या. तिला नटराज असं नाव आहे.

घराजवळचं उदाहरण कारवारचं आहे. निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळी नदीच्या मुखासमोर उथळ पाण्यातला कोअर काढला. तळाशी राहणाऱ्या एका फोरॅमच्या पहिल्या कोठीचा आकार नदीच्या गोड्या पाण्याप्रमाणं बदलतो, असा त्यांचा आधार. त्यावरून त्यांनी १९९५ला मांडलं की दुष्काळ साधारण ७७ वर्षांच्या आवर्तनानं येतात आणि त्याचा सूर्यावरच्या एका दीर्घ चक्राशी संबंध असावा. पंचांगातलं वाहन बघून पेरणी करणाऱ्या आमच्या भागात हा आकडा फारच लाडका होईल. माझं मत विचाराल तर मी त्यावर बियाणं टाकणार नाही. काही शतकांच्या नोंदीत ७७ वर्षांची आवर्तनं बोटांवर मोजण्याइतकीच बसतात. तपासणी थक्क करणारी आहे. तिचं भाकीत करायची घाई आपल्या बाजूनं होते.

मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते गोदावरीच्या कोअरनं. २००६ला गॅस हायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळात बर्फासारख्या गोठलेल्या वायूच्या, शोधात निघालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं गोदावरीच्या मुखासमोर, १२६८ मीटर खोल पाण्यातून तो काढला. कॅमिलो पाँटन, लिव्ह्यू जोसान आणि सहकाऱ्यांनी त्यात शिंपल्यांबरोबर पानांवरचं मेण शोधलं. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजतं, मेण टिकतं, गाळाबरोबर समुद्रात जातं. वनस्पतींचे कार्बन घेण्याचे दोन मुख्य प्रकार. झाडं, वेली, भात, भुईमूग, मिरची एका प्रकारची. ज्वारी, मका आणि उष्ण कोरड्या माळावरची बरीच गवतं दुसऱ्या प्रकारची. दोन्हींच्या मेणातल्या कार्बनचं वजन वेगळं. त्यामुळं दक्खनवर झाडोरा किती आणि माळरान किती, ते समुद्रातल्या मेणावरून निघतं. २०१२चं त्यांचं उत्तर असं: सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत माळरानी वनस्पती वाढत गेल्या आणि त्यानंतर टिकून राहिल्या. दक्खन हळूहळू कोरडं होत गेलं.

याला जमिनीवरची साक्ष बुलढाण्याच्या लोणार सरोवरात मिळाली. तळ्याच्या गाळावरून २०१४ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात: ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. पहिला काळ सिंधू संस्कृतीच्या उतरणीपाशी येतो. दुसऱ्याच्या शेवटाच्या आसपास आपल्याकडं दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, १३९६पासून पुढची दहाएक वर्षं. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या खांबातही त्या काळात पाऊस घटल्याची खूण आहे. समुद्र, तळं आणि गुहा यांची एकमेकांशी ओळख नाही. तरी जबान्या जुळतात, म्हणून मी विश्वास ठेवतो.

गोदावरीच्या त्याच कोअरमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. गेल्या काही हजार वर्षांत गाळातला दक्खनच्या काळ्या मातीचा वाटा बराच वाढला. झाडोरा कमी झाला, शेती पसरली, माती उघडी पडली आणि वाहून गेली. कोरडेपणात पावसाचा वाटा किती आणि माणसाच्या नांगराचा किती, हा हिशेब चिखलातही एकमेकांत मिसळलेला आहे.

आता यातली गंमत बघा. ऊस हाही ज्वारीच्याच गटातला. त्याच्या मेणाचा कार्बन माळरानी गवतासारखा. म्हणजे पाच हजार वर्षांनी कुणी आमच्या काळचा थर तपासला आणि त्यात हिरण्यकेशीकाठचं मेण सापडलं, तर तो लिहील, 'या काळात इथं पाणी फारच कमी असावं, सगळीकडं रुक्ष गवत माजलं होतं.' आणि आम्ही तर पंप लावून नदी उपसत ऊस भिजवतोय! अर्थात आमचं मेण समुद्रापर्यंत जाईल की नाही हीच शंका आहे. वाटेत आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. कृष्णेचा बहुतेक गाळ आता धरणांच्या पोटात बसतो, आणि तो न मिळाल्यानं तिचा त्रिभुज प्रदेश जागोजागी समुद्राला हरतो आहे.

हे सगळं ऐकून एका मित्रानं विचारलं, "हवामान पूर्वीपण बदलत होतंच की. मग आत्ताच एवढी ओरड कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर याच चिखलात आहे. हिमयुगातून बाहेर पडताना विषुववृत्ताजवळचा समुद्र दोन-एक अंशांनी तापला, त्याला हजारो वर्षं लागली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या एका शतकभरात पावसाळी महिन्यांत १.२ अंशांपर्यंत तापला. त्यांच्याच २०१७च्या अभ्यासात १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात एकदम कोसळणाऱ्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढलेल्या दिसतात. आपल्या समुद्रानं बदल पूर्वी पचवले, ते सावकाश. एवढ्या घाईचा बदल पचवायला माझ्या मते आपली धरणं तयार नाहीत, आणि पीकपद्धती तर त्याहून नाही.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. चिखलाच्या खुणा वाचायच्या तर वरचा, अलीकडचा थर प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघावा लागतो. देशभराची पावसाची सलग मालिका १८७१पासूनची आहे. गावागावाची नोंद त्याहून तोकडी आणि जागोजागी फाटलेली. तुमच्या शाळेत, चावडीत, साखर कारखान्यात किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पर्जन्यमापकाची वही असेल तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. पानांचे फोटो काढा, तारीख वाचता येईल असे काढा, आणि पुण्याच्या हवामान खात्याकडं किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाकडं पोचवा.